बिनसहीची चित्रं

आठल्येकाकांना कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुणी सांगितलं?" आज ट्राम बंद आहेत म्हटलं तरी तोच, आणि उद्या अष्टमीची सुट्टी आहे म्हटलं तरी तोच. सांगणाऱ्याचं नाव कळलं की चष्म्यावरून आपल्याकडे बघत, आणि हे सांगण्यात त्या माणसाचा काय फायदा असेल याचा हिशेब करत. माझ्या आईनं एकदा त्यांना, तुमची तब्येत सुधारलेली दिसते, एवढंच म्हटलं. त्यानंतर महिनाभर ते आमच्या घराकडे फिरकले नाहीत.

मी त्यांना ओळखते ती एका हिंदी सिनेसाप्ताहिकाच्या कचेरीतून. अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमाराला मी तिथे प्रूफं तपासायला लागले. आम्ही भवानीपुरातले, आजोबांपासून कलकत्त्यात राहिलेले. घरात मराठी, दारात बंगाली आणि पोटापाण्याला हिंदी, अशी माझी तिन्ही भाषांत थोडी थोडी गत होती. कचेरी एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर. सगळ्या कचेरीत मराठी माणसं दोन, आठल्येकाका आणि मी. पहिल्या दिवशी मी मोठ्या आनंदानं त्यांच्या टेबलाजवळ जाऊन मराठीत बोलले, तर त्यांनी समोरच्या चित्रावर टीपकागद ओढला आणि मला विचारलं, "तुला इथे कुणी पाठवलं?" टीपकागदाखाली काय होतं ते मला नंतर कळलं. एक नारळाचं झाड होतं.

त्यांची खुर्ची भिंतीला पाठ लावून असे, दरवाजा समोर. संध्याकाळी निघताना शाईच्या बाटलीवर पेन्सिलीनं खूण करून जात आणि सकाळी आल्यावर खूण आणि शाई यांचा मेळ बघत. शाई आपोआप आटते हे त्यांना मान्यच नव्हतं. वैशाखात तर कचेरीतल्या प्रत्येकावर पाळीपाळीनं संशय येई. ब्रश मोजून ठेवत, रबर खिशात घालून घरी नेत. चहा आला की आधी वास घेत, मग शेजाऱ्यानं पहिला घोट घेतल्यावर आपण घेत.

आणि ते सही करत नसत. आमच्या साप्ताहिकाचं पाचवं पान म्हणजे 'कप्तान रणधीर' ही चित्रकथा. सिनेमाच्या बातम्या लोक कुठेही वाचतील, पण अंक विकला जायचा तो रणधीरवर. वर्षानुवर्षं आठल्येकाका तो काढत आले होते. हा रणधीर दरोडेखोरांना बुकलून काढी आणि बाईमाणसाकडे मान वर करून बघत नसे. पोरांची पत्रं यायची, चित्रकाराचं नाव विचारणारी. काका ती वाचून फाडून टाकत. "सही केली की माणूस सापडतो," असं म्हणत. कशात सापडतो, हे विचारायची सोय नव्हती.

त्यांचं दुसरं काम रिटचिंगचं. नटनट्यांचे फोटो मुंबईहून येत आणि काका बारीक ब्रशानं त्यांचे मुरूम, देवीचे वण, दुसऱ्या हनुवट्या पुसून टाकत. एका नटीचा फोटो मला दाखवून म्हणाले होते, हिला मी तीन वेळा पुन्हा जन्माला घातलीय. सातव्या पानावर त्याच बाईबद्दल कुजबुज सदरात काहीबाही छापलेलं असे, नाव न घेता, पण शेंबड्या पोरालाही कळेल असं. आमचे मालक शर्माजी छपाईच्या यंत्राला रोज उदबत्ती ओवाळत आणि साप्ताहिकाला 'पारिवारिक' म्हणत. काका एकदा मला हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या पानावर देवी करायची, सातव्या पानावर अब्रू काढायची, आणि दोन्ही पानांना खळ एकच." मला वाटतं, पुढच्या सगळ्याचं मूळ त्या वाक्यात होतं. पण तेव्हा मी हसले आणि विसरले.

आता नित्यदाबद्दल सांगायला हवं. नित्यानंद हे त्यांचं नाव, आम्ही सगळे नित्यदा म्हणायचो. ठेंगणे, गोल, तोंडात सदा पान. चित्रकथेतल्या पात्रांचं बोलणं सुंदर अक्षरात लिहायचं, हे त्यांचं काम. गंमत अशी की त्यांना हिंदी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. देवनागरी अक्षरं ते चित्रासारखी काढत. समोर मजकूर ठेवला की हुबेहूब, वळणदार, आमच्यापैकी कुणालाही जमणार नाही असं उतरवत, आणि मग मला, म्हणजे सुधाला, आपल्या बंगाली उच्चारात विचारत, शुधा, इथे रणधीर काय म्हणाला?

कुठल्याही कचेरीत असं काम सरळ मूळ चित्रावर करतात. पण आठल्येकाका आपल्या चित्राला दुसऱ्याचा हात लागू देतील तर शपथ. त्यामुळे त्यांनी वेगळीच रीत पाडली होती. नित्यदांनी पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मजकूर लिहायचा, मागे नंबर टाकायचे, आणि काका स्वतः त्या पट्ट्या कापून चित्रात चिकटवणार. म्हणजे अंक छापून येईपर्यंत नित्यदांना चित्र दिसायचंच नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. नित्यदा म्हणायचे, आठल्येबाबूंच्या देव्हाऱ्यालाही कुलूप असणार. असं म्हणून आपल्या डब्यातला अर्धा भाग त्यांच्यापुढे सरकवायचे. याला माशाचा हात लागला नाही ना, अशी चौकशी करून काका तो खायचे. चौदा-पंधरा वर्षं हे चाललं होतं.

काकू वारल्या तेव्हा मी नोकरीला लागून वर्षच झालं होतं. मूलबाळ नव्हतं. पुढच्या गणपतीत काकांनी आई, बाबा आणि मला जेवायला बोलावलं, आणि मुख्य म्हणजे नित्यदांनाही. स्वयंपाक स्वतः केला होता. मी वाढायला मदत करावी म्हणून उठले आणि कोशिंबीर उजवीकडे वाढून मोकळी झाले. मराठी घरातली असून मला ते भान नव्हतं, आमच्याकडे सगळं कसंही चालायचं. काकांनी चारही ताटं पुन्हा घेतली आणि नीट लावली. वर मध्ये मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, मग कोशिंबीर. भाजी उजवीकडे, तिच्याखाली आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, वर वरण. नित्यदा त्या ताटाकडे बघत बसले, कारण बंगाल्यांच्यात एकामागून एक पदार्थ येतात आणि भाताभोवती वाट्या मांडतात. त्यांनी विचारलं, चटणी इकडे ठेवली तर काय बिघडेल? काका म्हणाले, "काही नाही बिघडणार. पण ती वाढायची तेव्हा असंच असायचं." एवढं बोलून ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सत्तर-एकाहत्तरचे दिवस कलकत्त्यात राहिलेल्यांना सांगायला नकोत. भिंतीभिंतींवर नक्षलवाद्यांच्या घोषणा, छापखान्यांवर झडत्या, हातात तपकिरी कागदाचं पुडकं असलं तरी पोलीस थांबवायचे. नेमक्या त्या दिवसांत एस्प्लनेडच्या फुटपाथवर एक पुस्तिका विकायला आली. वरचं कव्हर रेल्वेच्या वेळापत्रकाचं. आत 'कप्तान रणछोड'.

ती आमच्याच रणधीरची टवाळी होती, आणि फक्त मोठ्यांनी वाचायची. हा रणछोड दरोडेखोर दिसला की पलंगाखाली जाई आणि बाई दिसली की पलंगावर. त्यात सिनेमातले लोकही होते, नावं बदललेली, पण नाकं-डोळे तेच. पडद्यावर पतिव्रता असलेली नटी, तिचा निर्माता, त्याची दोन घरं. आणि प्रत्येक भागात एक पात्र दाराला कान लावून उभं असे. कपाळाला गंध, एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात वही. शर्माजींना ते बघून घाम फुटला.

पुढे जे झालं त्याची मला अजून मौज वाटते आणि रागही येतो. शर्माजींनी या घाणीविरुद्ध अग्रलेख लिहिला. पुराव्यादाखल त्या पुस्तिकेतली चार चित्रं छापायचं ठरवलं, नको तिथे काळ्या पट्ट्या मारून. पट्ट्या मारायचं काम अर्थातच आठल्येकाकांकडे आलं. ते त्यांनी दिवसभर बसून, अगदी मन लावून केलं. तो अंक हातोहात संपला. मग दर आठवड्याला निषेध आणि दर आठवड्याला पट्ट्या. आमच्या निषेधामुळे फुटपाथवर पुस्तिका खपे आणि पुस्तिकेमुळे आमचा निषेध खपे. काळ्या पट्ट्या तर दर अंकात थोड्या आखूड होत गेल्या, शर्माजींच्याच सांगण्यावरून.

पण त्या गंध लावलेल्या पात्राचं दुखणं शर्माजींच्या मनातून जाईना. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुस्तिकेची भाषा कुणाची असेल ते बघून सांग म्हणाले. मी मुलगी म्हणून त्यातलं एकच सभ्य पान उघडं ठेवून बाकीची पानं त्यांनी टाचण्यांनी बंद केली होती. बाकीचं काहीच पाहिलं नाही असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे ती पुस्तिका मी आधीच, माझ्या मैत्रिणीच्या भावाच्या गादीखालून काढून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. हे पान मात्र तेव्हा घाईत उलटलं होतं. त्यात विशेष काही नव्हतंच. रात्रभर भटकून आलेला नायक दुपारी साळसूदपणे जेवायला बसलाय आणि बायको वाढतेय. बायकोच्या भांगात भरून सिंदूर, हातात शंखाच्या बांगड्या, पदर बंगाली पद्धतीचा. आणि ताटात वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मध्ये मूद.

मी शर्माजींना सांगितलं, भाषेवरून काही कळत नाही. बाहेर आले तर काका दरवाजाकडेच बघत होते.

शर्माजींना भाषेवरून कळलं नाही, पण अक्षरावरून कळलं. अक्षर लपवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. नित्यदांचा 'र' आणि त्यांचा 'ळ'सारखा गोल 'ल' कचेरीतला शिपाईसुद्धा ओळखत होता. नित्यदांना आत बोलावलं. लाकडी पार्टिशनमधून सगळं ऐकू येत होतं. नित्यदांनी लगेच कबूल केलं की अक्षर माझं आहे. काय लिहितोय ते मला वाचता येत नाही, चित्रं मी पाहिली नाहीत, कुणीतरी मजकूर दिला आणि मी पट्ट्या लिहून दिल्या. शर्माजी म्हणाले, ठीक आहे, तुमचा दोष नाही, कुणी दिला तेवढं सांगा आणि कामाला लागा. त्यावर नित्यदा म्हणाले, "आमार मने नेई." आठवत नाही.

शर्माजींनी त्यांना शनिवारपर्यंत मुदत दिली. नाव सांगायचं, नाहीतर नोकरी सोडायची, आणि पोलिसांना काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघायचं. नित्यदांच्या घरी बायको आणि म्हातारी आई होती. त्यांनी फक्त एक नाव घ्यायचं होतं.

मधल्या एका दिवशी मी काकांच्या घरी गेले. दार अर्धवट उघडून त्यांनी आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं. बसायच्या आधीच मी म्हटलं की ती पुस्तिका तुम्ही काढलीत हे मला माहीत आहे.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुमच्या ताटानं."

ते खाली बसले. एका माणसाचा चेहरा इतका चटकन म्हातारा होताना मी पाहिला नव्हता. मग सांगायला लागले. रेघ ओळखू येऊ नये म्हणून सगळी चित्रं डाव्या हातानं काढली होती. कागद हावड्याहून आणला होता. छापणाऱ्यानं त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पट्ट्यांसाठी नित्यदांना मजकूर दिला तेव्हा मुलांच्या गोष्टी आहेत म्हणून सांगितलं होतं. अक्षर सोडून सगळ्याचा विचार केला होता. ताट मात्र हात जसं काढत गेला तसं काढलं गेलं. मी विचारलं, कशासाठी केलंत हे? ते म्हणाले की इतकी वर्षं या लोकांचे डाग पुसत आलो, एकदा तरी आहेत तसे काढावेत असं वाटलं.

हे ऐकायला चांगलं वाटतं, पण मी ती पानं वाचली होती. त्यांत निर्मात्यापेक्षा नटीच जास्त उघडी पडली होती, आणि तिला उत्तर द्यायला जागा नव्हती. शर्माजींच्या सातव्या पानापेक्षा ते फारसं वेगळं नव्हतं. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. मग मी म्हटलं, ते राहू दे, पण नित्यदांचं काय? शनिवारच्या आत तुम्ही जाऊन सांगितलं पाहिजे.

"तोच सांगेल," काका म्हणाले. "अजून नाही सांगितलं, कारण भाव वाढवतोय. शनिवारी सांगेल. माणूस सांगतोच."

मला त्यांचा इतका संताप आला की समोर ठेवलेलं पाणीही न पिता मी उठले. शर्माजींना मी स्वतः जाऊन सांगू शकत होते. नाही सांगितलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. कदाचित काकांनी स्वतः जावं असं वाटत होतं. कदाचित मीही भित्री होते.

शनिवारी नित्यदा केबिनमध्ये गेले. आम्ही सगळे कान देऊन बसलो. काकांनी ब्रश खाली ठेवला, पिशवी आवरली, चष्मा डबीत घातला आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले, बोलावणं येईल म्हणून. आतून पुन्हा तेच तीन शब्द ऐकू आले. नित्यदा बाहेर आले, आपले टाक फडक्यात गुंडाळले, मला म्हणाले, येतो हं शुधा, आणि काकांच्या टेबलापाशी थांबून नेहमीप्रमाणे डबा उघडला. अर्धा भाग काढून ठेवला आणि जिना उतरून गेले. काकांनी त्याला हात लावला नाही.

सोमवारी काका केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. हे मी स्वतः ऐकलं, म्हणून त्यांच्या बाजूनं एवढं लिहिते. शर्माजी म्हणाले, बसा आठल्येजी, दुर्गापूजा अंकाचं मुखपृष्ठ कुठवर आलं? काका पुन्हा सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. गुन्हेगाराला काढून टाकलं, असं या अंकात छापून झालंय. अक्षर काढणारा दुसरा मिळेल. रणधीर दुसरा कोण काढणार? तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. नित्यदांना परत घ्या, एवढं तरी करा, असं काका म्हणाले. शर्माजींनी मुखपृष्ठाची तारीख सांगितली.

त्यानंतर पाच-सहा वर्षं काका तिथेच राहिले. जाणार कुठे? आता शर्माजींच्या मुठीत होते. रणछोड बंद पडला आणि पुढे त्याची नक्कल करणारे दुसरे कुणी कुणी आले. आमच्या अंकात त्यांचेही निषेध छापले. पट्ट्या काकाच मारत.

नित्यदा कालीघाटला दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. विजयादशमी झाली की दरवर्षी कचेरीत यायचे, बंगाली रीतीप्रमाणे सगळ्यांना मिठी मारायचे, काकांनाही. काका लाकडासारखे उभे राहायचे. ते गेल्यावर मला विचारायचे, हा काय मागायला येतो? मी म्हणायचे, काही मागितलं का त्यांनी? "अजून नाही," ते म्हणायचे.

माझ्यानं राहवेना, म्हणून एकदा मी कालीघाटला जाऊन नित्यदांना विचारलंच. शिडीवर बसून ते मिठाईच्या दुकानाचं नाव लिहीत होते. मी विचारलं, इतकं होऊनही नाव का घेतलं नाहीत? आधी त्यांनी हसण्यावारी नेलं. मग ब्रश पुसत म्हणाले, "तो माणूस रोज म्हणायचा, सगळे दगा देतात. मी नाव घेतलं असतं तर त्याचं खरं झालं असतं ना गं. मग त्याच्याकडे राहिलं काय असतं?"

सत्याहत्तरच्या सुमाराला काकांची दृष्टी गेली, म्हणजे बारीक काम होईना. सांगलीहून पुतण्या घ्यायला आला. हावडा स्टेशनवर पोचवायला मी गेले, आणि नित्यदाही आले होते, संदेश मिठाईचा एक पुडा घेऊन. पुतण्या सामान लावत होता, नित्यदा पाण्याची सुरई भरायला नळावर गेले होते. काकांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"सुधा, खरं सांग. तो का बोलला नसेल?"

नित्यदा शिडीवरून जे म्हणाले होते ते मी त्यांना शब्दशः सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे त्यानं तुला मला सांगायला सांगितलं का?"

मी म्हटलं, नाही. कधीच नाही.

नित्यदा सुरई घेऊन आले, दारातून पुतण्याच्या हाती दिली, खिडकीशी येऊन जपून राहा वगैरे सांगितलं आणि निरोपाला हात पुढे केला. काकांनी तो हात गजांमधून दोन्ही हातांनी धरला. गाडी हलली तरी धरलेलाच होता. नित्यदा आधी हसत बरोबर चालायला लागले, मग भरभर, मग ते ठेंगणे गोल म्हातारे गृहस्थ, धोतर एका हातानं सावरत, चक्क पळायला लागले. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. लहान मुलासारखे रडत होते आणि हात सोडत नव्हते. "काका, सोडा, पडतील ते," असं मी मागून पळत दोनदा ओरडले. प्लॅटफॉर्म संपायला चार पावलं उरली तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला.